क्विल्टचा प्राणी-पॅटर्न प्रिंट करताना माप का चुकतं? पेपर पीसिंग, सॉफ्टवेअर आणि १००% प्रिंट

इन्स्टाग्राम किंवा पिंटरेस्टवर कापडाच्या तुकड्यांतून शिवलेला कोल्हा, हत्ती किंवा घुबड तुम्ही कधीतरी पाहिलं असेल. कडा इतक्या धारदार असतात की वाटतं, कुणीतरी लेझरने कापून चिकटवलंय. प्रत्यक्षात ते घरच्या शिलाई मशीनवर, साध्या प्रिंटाउटवर कापड ठेवून, सरळ टाक्याने शिवलेलं असतं. या पद्धतीला फाउंडेशन पेपर पीसिंग म्हणतात, थोडक्यात एफपीपी. पॅटर्नची पीडीएफ मोबाईलवर दोन मिनिटांत डाउनलोड होते. गडबड होते ती त्यानंतर, प्रिंट काढताना.

आमच्या घरी ती झाली. ताईच्या बाळासाठी आईने बारा कोल्ह्यांचं छोटं क्विल्ट करायला घेतलं. कोल्ह्यांचा रंग हवा म्हणून आजीचं विटकरी सुती पातळ कापलं. आजी आता नाही, त्यामुळे कापड कमी पडलं तर दुसरं आणायचा प्रश्नच नव्हता. शिवणं आईकडे, प्रिंट आणणं माझ्याकडे. मी सहा पानं एका दुकानातून आणली, नंतरची सहा दुसऱ्या दुकानातून. आठवड्याने आई म्हणाली, "अगं, तुझे कोल्हे एका मापाचे नाहीत." पट्टी लावली, तर पहिले सहा ६ इंचांचे आणि पुढचे सहा जेमतेम ५.८ इंचांचे. दिवसभर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मला प्रिंटच्या विंडोमधला एक पर्याय तपासायचं सुचलं नव्हतं.

त्या बारा कोल्ह्यांचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी ही पद्धत, तिच्यामागचं सॉफ्टवेअर आणि प्रिंटचा घोळ नीट समजून घेऊ.

कागदावर शिवायचं म्हणजे काय?

क्विल्टच्या एका चौकोनाला ब्लॉक म्हणतात. असे अनेक ब्लॉक जोडून वरचा थर तयार होतो. एफपीपीमध्ये प्रत्येक ब्लॉकसाठी एक कागद लागतो. त्यावर सरळ रेषा छापलेल्या असतात आणि प्रत्येक तुकड्यावर नंबर असतो: ए१, ए२, ए३ वगैरे.

कापड ठेवायचं कागदाच्या कोऱ्या बाजूला आणि शिवायचं छापलेल्या बाजूने. पहिला तुकडा सुलट बाजू बाहेर ठेवून १ नंबरच्या जागेवर टेकवायचा. दुसरा तुकडा त्याच्यावर, सुलटावर सुलट. मग कागद पालथा करून १ आणि २ यांच्यामधल्या रेषेवरून मशीन मारायची, पाव इंच माया ठेवून जास्तीचं कापड कापायचं, दुसरा तुकडा उलटवून इस्त्री फिरवायची. पुढे तिसरा, चौथा, असं नंबरानुसार. कापडावर खडूने आखायची गरज नाही. सुई कागदावरच्या रेषेवर चालते, त्यामुळे अगदी निमुळतं टोकसुद्धा जागच्या जागी येतं.

शेवटी कागद फाडून काढायचा असतो, म्हणून टाका बारीक ठेवतात. नेहमीचा टाका साधारण २.५ मिलिमीटरचा, म्हणजे इंचाला १० टाके. इथे १.५ मिलिमीटरच्या आसपास ठेवला की इंचाला सुमारे १७ छिद्रं पडतात आणि कागद पोस्टाच्या तिकिटासारखा रेषेवर सुटतो.

दोन गोष्टींशी गल्लत करू नका. षटकोनी तुकडे कागदावर दुमडून हाताने जोडतात ते इंग्लिश पेपर पीसिंग. ती वेगळी पद्धत आहे आणि तिचे पॅटर्नही वेगळे असतात. दुसरं म्हणजे आपली गोधडी. तिच्यात जुन्या कापडाचे थर आणि तुकडे एकमेकांवर पसरून वरून धावदोरा घालतात, त्यामुळे तुकडा बोटभर सरकला तरी चालतं, उलट शोभतं. एफपीपीमध्ये तुकडे कडेला कड जोडलेले असतात. इथे पाच मिलिमीटर कमी पडले तर ते झाकायला वर दुसरा थर नसतो.

पॅटर्न म्हणजे छोटा प्रोग्रामच

मला हा विषय आवडला तो याच भागामुळे. एफपीपीचा पॅटर्न हे नुसतं चित्र नाही. त्यात क्रम आहे, आणि क्रम चुकला की ब्लॉक होत नाही.

एक साधा कोल्हा घेऊ. ६ इंचांचा चौकोन. वरची २ इंचांची पट्टी म्हणजे सेक्शन ए, तिच्यात दोन कान. खालची ४ इंचांची पट्टी म्हणजे सेक्शन बी, तिच्यात खाली टोक असलेला त्रिकोणी चेहरा.

सेक्शन ए मध्ये आधी दोन कानांमधलं पार्श्वभूमीचं कापड (ए१), मग डावा कान (ए२), उजवा कान (ए३), मग दोन्ही कोपऱ्यांतली पार्श्वभूमी (ए४, ए५). सेक्शन बी मध्ये कपाळापासून खाली निमुळता होत जाणारा विटकरी भाग (बी१), दोन बाजूंना पांढरे गाल (बी२, बी३), मग खालच्या टोकाला आडवी रेष मारून काळं नाक (बी४), आणि शेवटी दोन्ही खालचे कोपरे (बी५, बी६). एकूण ११ तुकडे. दोन्ही सेक्शन एका आडव्या शिवणीने जोडले की कोल्हा तयार.

आता नाक गालांच्या आधी का नाही शिवायचं? कारण नाकाची आडवी रेष कपाळाच्या तुकड्याला आणि दोन्ही गालांना एकदम छेदते. गाल अजून लागलेलेच नसतील, तर ती शिवण मधल्या मधे संपेल. नियम एवढाच: प्रत्येक नवा तुकडा एकाच सरळ रेषेने लागला पाहिजे, आणि ती रेष तोवर शिवून झालेल्या भागाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली पाहिजे.

म्हणून पॅटर्न आखताना उलटा विचार करतात. पूर्ण चित्र समोर ठेवायचं आणि विचारायचं, एका सरळ कापाने कोणता तुकडा वेगळा होतो? तो शेवटचा नंबर. तो मनातल्या मनात काढून टाकायचा आणि उरलेल्या चित्राला तोच प्रश्न पुन्हा. शेवटी एकच तुकडा उरला तर क्रम सापडला. मधेच असा टप्पा आला की कोणताही तुकडा सरळ कापाने सुटत नाही, तर चित्राचे दोन सेक्शन करावे लागतात, आणि तेही नाही जमलं तर रेषाच बदलाव्या लागतात.

न जमणारं सोपं उदाहरण म्हणजे मधे छोटा चौकोन आणि त्याच्याभोवती भिंगरीसारखे फिरणारे चार आयत. कागदावर काढून बघा. प्रत्येक आयताची आतली रेष शेजारच्या आयताला जाऊन अडते, या कडेपासून त्या कडेपर्यंत एकही रेष जात नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. हीच सर्क्युलर डिपेंडन्सी: पहिल्याला दुसरा आधी हवा, दुसऱ्याला तिसरा, तिसऱ्याला चौथा आणि चौथ्याला पुन्हा पहिला.

प्राण्यांच्या ब्लॉकमध्ये हा पेच बहुतेक वेळा डोळ्यापाशी येतो. डोळा चारही बाजूंनी चेहऱ्याने वेढलेला असतो. तो तुकडा म्हणून बसवायचा तर भोवतीचा चेहरा अनेक पट्ट्यांत कापावा लागतो. तुकडे वाढतात आणि बारीक होतात. म्हणून बरेच डिझायनर डोळा पॅटर्नमध्ये घेतच नाहीत. तो नंतर दोऱ्याने भरतात किंवा बटण लावतात. लहान बाळाच्या क्विल्टवर मात्र बटण नको, ते निघून तोंडात जाऊ शकतं. भरतकामच करा.

आणि हो, गोलाई नाही. एफपीपीत सगळं सरळ रेषांचं. हत्तीची सोंड वळलेली दिसते तेव्हा ती तीन-चार सरळ तुकड्यांची असते, लो-पॉली गेममधल्या प्राण्यांसारखी.

कोणतं चित्र या पद्धतीने शिवता येईल, याचं गणितही मांडलं गेलं आहे. मॅकेन्झी लीक आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली सिग्राफ या कम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत त्यावर पेपर मांडला. तुकडे आणि शिवणी यांच्या नात्यांचं एक जाळं मांडायचं. त्या जाळ्यात चक्र नसेल, तर डिझाइन कागदावर शिवता येतं. वर भिंगरीचं जे उदाहरण दिलं, त्यात ते चक्र डोळ्यांना दिसतं. मोठ्या चित्रात ते शोधायला कम्प्युटर बरा.

सॉफ्टवेअर कोणतं आणि ते नेमकं काय करतं?

या क्षेत्रातलं सगळ्यात माहितीचं नाव म्हणजे अमेरिकेतल्या इलेक्ट्रिक क्विल्ट कंपनीचं ईक्यू८. ते २०१७ साली आलं. विंडोज आणि मॅकवर चालतं, फोनवर नाही, आणि विकत घ्यावं लागतं. त्यात ब्लॉक निवडायचा किंवा स्वतः रेषांनी काढायचा आणि प्रिंटमध्ये जाऊन फाउंडेशन पॅटर्न हा पर्याय घ्यायचा. सॉफ्टवेअर ब्लॉकचे सेक्शन पाडतं, नंबर घालतं, प्रत्येक सेक्शनभोवती माया आखतं आणि पानांवर मांडतं. सेक्शन आणि नंबर तुम्हाला हाताने बदलताही येतात. ते बदलाच असं मी म्हणेन, निदान एकदा तपासा. सॉफ्टवेअरला शिवता येईल असा क्रम कळतो, शिवायला सोपा कोणता ते शिवणाऱ्याला कळतं.

अशा सॉफ्टवेअरचा खरा फायदा माप बदलताना दिसतो. समजा, ६ इंचांचा कोल्हा तुम्हाला ९ इंचांचा हवा आहे. पीडीएफ १५०% वर छापली, तर चित्र बरोबर ९ इंचांचं होतं, पण पाव इंचाची मायासुद्धा दीडपट होऊन ०.३७५ इंच होते. उलट ४ इंचांचा हवा म्हणून ६७% केलं, तर माया ०.१७ इंचांच्या आत येते, जेमतेम ४ मिलिमीटर, आणि शिवण उसवायची भीती. सॉफ्टवेअरमध्ये माप बदललं की चित्र बदलतं, माया पाव इंचच राहते. तुमच्याकडे नुसती पीडीएफ असेल आणि ती टक्क्यांनी लहान-मोठी करायची असेल, तर छापलेली मायेची रेष विसरा. प्रत्येक सेक्शनच्या शिवणरेषेपासून पट्टीने पाव इंच नव्याने आखा.

फुकटात करायचं तर इंकस्केप आहे. ते क्विल्टसाठी बनवलेलं नाही, साधं व्हेक्टर ड्रॉइंग सॉफ्टवेअर आहे. नंबर, सेक्शन, माया सगळं तुम्हालाच घालावं लागतं, पण कोल्ह्यासारख्या ११ तुकड्यांच्या ब्लॉकला ते पुरतं. डॉक्युमेंटचं एकक आधीच इंच किंवा मिलिमीटर करून घ्या.

इंकस्केपबद्दल एक जुना खड्डा माहीत असू द्या. ०.९२ या आवृत्तीच्या आधी ते एका इंचाचे ९० पिक्सेल धरत असे, नंतर ९६. म्हणजे जुनी एसव्हीजी फाइल नव्या हिशेबाने उघडली गेली, तर चित्र ९३.७५% होतं, ६ इंचांचा ब्लॉक ५.६ इंचांवर येतो. नवीन इंकस्केप जुनी फाइल ओळखून विचारतं, पण त्या खिडकीत घाईने ओके दाबणारे आपणच असतो. जुनी एसव्हीजी मिळाली तर आधी तिच्यातल्या चौकोनाचं माप बघा.

प्राणी उलटा का दिसतो?

हत्तीचं तोंड उजवीकडे असलेला फोटो बघून पॅटर्न घेतला आणि प्रिंटवर तोंड डावीकडे आहे? बरोबर आहे ते. कापड कागदाच्या मागच्या बाजूला असतं, त्यामुळे शिवलेला ब्लॉक छापलेल्या चित्राचं आरशातलं रूप असतो. चांगला पॅटर्न म्हणूनच मुद्दाम उलटा छापलेला असतो. नंबर आणि अक्षरं मात्र सरळ वाचता आली पाहिजेत.

काही जण "उलटं आलंय" म्हणून प्रिंटमध्ये मिरर चालू करतात आणि मग हत्ती खरंच चुकीच्या दिशेला जातो. त्यात एकच सेक्शन पुन्हा छापताना मिरर चालू राहिला, तर तो सेक्शन बाकीच्यांना जुळतच नाही. आमच्या कोल्ह्याचा चेहरा दोन्हीकडून सारखा असल्यामुळे या फेऱ्यातून आम्ही सुटलो. पहिला ब्लॉक शिवणार असाल तर असाच समोरून बघणारा प्राणी निवडा.

आता मुख्य घोळ: १००% म्हणजे १००%

पीडीएफमध्ये मापं पॉइंटमध्ये असतात आणि १ इंच म्हणजे ७२ पॉइंट. त्यामुळे पीडीएफला ६ इंच म्हणजे किती ते अचूक माहीत असतं. चूक फाइलमध्ये नसते. ती फाइलपासून कागदापर्यंतच्या वाटेत होते.

बरेच क्विल्ट पॅटर्न अमेरिकेतून येतात. तिथला कागद लेटर साइजचा: ८.५ × ११ इंच, म्हणजे २१५.९ × २७९.४ मिलिमीटर. आपल्याकडे ए४: २१० × २९७ मिलिमीटर. लेटरचं पान ए४ पेक्षा सुमारे ६ मिलिमीटर रुंद. प्रिंटर सॉफ्टवेअरला वाटतं, पान बाहेर जातंय, आणि ते न विचारता सगळं लहान करतं. २१० भागिले २१५.९ म्हणजे ९७.३%. प्रिंटरला कडेला सोडावी लागणारी कोरी जागा धरली तर आणखी कमी.

ऑफिसच्या रिपोर्टमध्ये हे कुणाच्या लक्षातही येत नाही. क्विल्टमध्ये हिशेब असा: ९७% वर ६ इंचांचा ब्लॉक ५.८२ इंचांचा होतो. एका ब्लॉकमागे साडेचार मिलिमीटर. ओळीत तीन ब्लॉक असतील तर जवळजवळ १४ मिलिमीटर. सगळे ब्लॉक सारखेच लहान असते तर क्विल्ट थोडं लहान झालं असतं, एवढंच. आमच्याकडे सहा बरोबर आणि सहा लहान होते, म्हणजे ओळी एकमेकींना जुळणंच शक्य नव्हतं.

आधी तुमच्या फोनपासून सुरुवात करू. पॅटर्नचा स्क्रीनशॉट काढू नका. स्क्रीनशॉटमध्ये पिक्सेल असतात, इंच नसतात. व्हॉट्सॲपवर दुकानदाराला पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पीडीएफच पाठवा. कुणी छापलेल्या पानाचा फोटो काढून किंवा मोबाईलवर स्कॅन करून पाठवला असेल, तर त्या फाइलला मूळ माप माहीत नसतं. ती नुसती बघायला ठीक. फोनवरून थेट वायफाय प्रिंटरवर छापायची सोय असली तरी मी ती या कामासाठी टाळते. बऱ्याच ॲपमध्ये स्केलचा पर्यायच दिसत नाही आणि पान आपोआप फिट होतं.

कम्प्युटरवर ॲडोबी रीडरमध्ये प्रिंट दाबल्यावर फिट, ॲक्चुअल साइज, श्रिंक ओव्हरसाइज्ड पेजेस आणि कस्टम स्केल असे पर्याय येतात. ॲक्चुअल साइज निवडा. श्रिंक ओव्हरसाइज्ड हा पर्याय सगळ्यात फसवा, कारण नाव वाचून वाटतं, आपलं पान कुठे मोठं आहे? लेटरचं पान ए४ साठी मोठंच असतं, म्हणून तो हमखास लहान करतो. क्रोममध्ये पीडीएफ उघडली असेल तर प्रिंटच्या विंडोत मोअर सेटिंग्ज उघडा, स्केलमध्ये कस्टम घ्या आणि १०० लिहा.

झेरॉक्सच्या दुकानात गर्दीत हे सगळं समजावत बसायला वेळ नसतो. एकच वाक्य बोला: "दादा, फिट टू पेज नको, ॲक्चुअल साइज, शंभर टक्के." आणि आधी एकच पान काढायला सांगा.

ॲक्चुअल साइजवर छापल्यावर लेटर पानाच्या दोन्ही कडांचे साधारण तीन-तीन मिलिमीटर कापले जातील, वर प्रिंटरची कोरी जागा. बहुतेक वेळा तिथे काही नसतंच. ६ इंचांचा ब्लॉक मायेसकट ६.५ इंच, म्हणजे १६५ मिलिमीटर. ए४ वर आरामात बसतो. ७ इंचांचा मायेसकट १९० मिलिमीटर, तोही बसतो. ८ इंचांचा अख्खा ब्लॉक मायेसकट २१६ मिलिमीटर होतो आणि ए४ च्या रुंदीत मावत नाही. तो सेक्शनमध्ये विभागलेला असेल तर ठीक, नाहीतर ए३ वर छापा.

आता मोजणी. पॅटर्नवर बहुधा १ इंचाचा तपासणीचा चौकोन असतो आणि तो मोजायला सांगितलेलं असतं. मी तो मोजला होता! पण ३% चूक १ इंचावर किती दिसते? ०.७६ मिलिमीटर. साध्या पट्टीवर, घाईत, दुकानाच्या काउंटरवर ते एक इंचच वाटतं. म्हणून छोटा चौकोन मोजून थांबू नका. पानावरची सगळ्यात लांब ज्ञात रेष मोजा. ६ इंच म्हणजे १५२.४ मिलिमीटर; ९७% असेल तर पट्टी १४८ च्या जवळ दाखवेल आणि चार मिलिमीटरचा फरक कुणालाही दिसतो. आडवी आणि उभी अशा दोन्ही रेषा मोजा.

प्रत्येक ब्लॉकला नवा कागद लागतो, कारण जुना फाडून टाकलेला असतो. बारा कोल्ह्यांना बारा प्रिंट. ती सगळी एकाच दिवशी, एकाच प्रिंटरवर, त्याच फाइलवरून काढा आणि वर दोन जादा. एका प्रिंटची फोटोकॉपी करून बारा करू नका. कॉपी मशीनमध्ये माप किंचित बदलू शकतं आणि ते नेमकं किती, हे तुम्हाला जोडणीच्या वेळी कळतं.

कागद, शाई, इस्त्री

महागडा खास कागद मिळतो, पण सुरुवातीला नेहमीचा पातळ कॉपी पेपर चालतो. ७० जीएसएम घ्या, जाड बाँड पेपर नको. फाडताना टाके ओढले जातात. सुई जरा जाड, १४ नंबरची, म्हणजे छिद्रं नीट पडतात. कागदावर चाललेली सुई बोथट होते, नंतर चांगल्या कपड्याला तीच वापरू नका.

दुकानातलं प्रिंट बहुतेक लेझरचं असतं. त्यातला टोनर उष्णतेने चिकटवलेला असतो, त्यामुळे गरम इस्त्री छापलेल्या बाजूवर फिरली तर काळे डाग इस्त्रीला आणि तिथून कापडाला लागू शकतात. इस्त्री नेहमी कापडाच्या बाजूने करा, खाली जुनं फडकं अंथरा. वाफ बंद. वाफेने कागद आकसतो आणि इंकजेटची शाई पसरते, मग एवढं मोजून छापलेलं वाया.

कापड मोलाचं असेल तर हे एक पाऊल कधीच चुकवू नका. तिरक्या रेषेवर तुकडा ठेवला की उलटवल्यावर तो भलत्याच दिशेला जातो आणि एक कोपरा उघडा राहतो. नवशिक्यांचं सगळ्यात जास्त कापड इथे वाया जातं. शिवण्याआधी रेषेवर टाचण्या लावा, तुकडा उलटवून बघा, कागद उजेडासमोर धरा. पूर्ण जागा आणि भोवतीची पाव इंच माया झाकली जात असेल तरच मशीन मारा. आईने आजीच्या पातळाच्या प्रत्येक तुकड्याला हे केलं. त्याआधी एक अख्खा कोल्हा जुन्या चादरीच्या कापडातून शिवून पाहिला होता.

पॅटर्न शेअर करण्याबद्दल

विकत घेतलेली पीडीएफ ग्रुपवर टाकू नका. बहुतेक डिझायनर ती स्वतःच्या वापरासाठी देतात आणि तयार वस्तू विकायची असेल तर काय परवानगी आहे ते फाइलमध्येच लिहिलेलं असतं. फुकट पॅटर्नलाही अटी असतात. एकदा वाचा.

आणि ब्लॉक लहान झालेच असतील तर?

उसवू नका. १.५ मिलिमीटरचा टाका उसवताना जुनं सुती कापड फाटतं. ब्लॉक लहान असेल तर त्याच्याभोवती पट्ट्या जोडतात. आम्ही बाराही कोल्ह्यांना क्रीम रंगाच्या पट्ट्या लावल्या. बरोबर मापाच्या सहांना चारही बाजूंनी साधारण एक इंचाच्या, लहान सहांना त्याहून थोड्या रुंद, आणि मग सगळे ब्लॉक एकाच मापाला, ८.५ इंचांना, छाटले. पट्टी पहिल्यापासून मुद्दाम रुंद घ्यायची आणि शेवटी ब्लॉक मधोमध धरून छाटायचा, म्हणजे मिलिमीटर मोजत बसावं लागत नाही.

प्रत्येक पट्टीला माया जाते हे विसरू नका. शिवल्यावर एक इंच दिसायला हवी असेल तर दीड इंच कापा, छाटायला हवी म्हणून वर आणखी अर्धा इंच. ब्लॉक मोठे झाले असतील तर मात्र उपाय अवघड आहे. छाटायला गेलं की आधी कानाची टोकं जातात. तेव्हा बाकीच्या ब्लॉकनाच पट्ट्या लावून मोठ्यांच्या मापाला न्यावं लागतं.

आमच्या क्विल्टमध्ये लहान आणि मोठे कोल्हे आईने एकाआड एक लावले. पातळाचा हातभर तुकडा उरला. तो मी नव्या प्रिंटच्या गठ्ठ्यासोबत ठेवलाय, लांब रेष मोजून झाल्यावरच.